चपला-बूट बाहेर काढावेत

आमचे सर हल्ली घरातसुद्धा बूट घालून वावरतात, असं परवा एका जुन्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. लेसचे, बंद बूट. स्वयंपाकघरातसुद्धा. सरांच्या मिसेस म्हणे पार वैतागल्यात. मैत्रिणीला वाटलं, रिटायर झाल्यावर माणसाचं असं काहीतरी होतंच. मला आधी हसू फुटलं आणि मग जरा गलबलून आलं. कारण आम्हाला वर्षानुवर्षं अनवाणी चालायला लावलं ते ह्याच गृहस्थांनी.

नगरहून भिंगार ओलांडून पुढे गेलं की उघड्या माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. वर्कशॉपच्या मागे मोडकी बाकं कोंबलेली एक खोली होती. ती सरांनी प्राचार्यांशी भांडून मिळवली आणि तिथे आपली लॅब थाटली. दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी लावली, 'चपला-बूट बाहेर काढावेत.' खाली बारीक अक्षरांत, 'धूळ ही प्रकाशाची वैरीण आहे.' प्राचार्य आले तरी बूट बाहेर. एकदा एसीवाला आला, त्यानं बूट काढायला नकार दिला, म्हणून तो उन्हाळा आम्ही पंख्यावर काढला. आणि पंख्यानं धूळ उडते म्हणून पंखाही बंद. मी पीएच.डी.ची पहिली दोन प्रकरणं घामात लिहिलीत.

सरांचं काम होतं काचेच्या धाग्यांवर. केसाइतका बारीक धागा, त्याच्या आतून प्रकाश वाहतो. इंटरनेटवाले तो रस्ता खोदून जमिनीत पुरतात, सर तो मऊ वस्तूंमध्ये पुरायचे. सिलिकॉनच्या चकत्या, चायना ग्रासचे जेल, असले सगळे लिबलिबीत प्रकार. त्यावर दाब पडला किंवा ऊब लागली की आतल्या प्रकाशात किंचित फरक पडतो, तो मोजायचा. म्हणजे त्या निर्जीव लगद्याला आपलं बोट लागल्याचं कळायला लागतं. जगभरात माणसं ह्यावर डोकी घासत होती, रोबोटच्या हाताला कातडी देऊ म्हणत होती, आणि नगरच्या माळावर आमचे सर आप्पेपात्रात सिलिकॉन ओतत होते.

हो, आप्पेपात्रात. घरचंच होतं. साचे मागवायला वेळ लागतो म्हणून एक दिवस पिशवीत घालून आणलं. मिसेस ते परत न्यायला आल्या, त्यांनी दारात चपला काढल्या, आत येऊन पात्राची दशा बघितली आणि म्हणाल्या, "राहू द्या आता इथेच. फक्त ह्यातलं काही खाऊ नका." सर म्हणाले, "छे, हे अजून कच्चं आहे."

"काच कडक, जेल मऊ. आपल्याला दोघांचं लग्न लावायचंय," सर सांगायचे. लग्न रोज लागायचं आणि रोज मोडायचं. सिलिकॉन वाळलं की धाग्यापासून सुटायचं. मग सर त्या धाग्याशी बोलायचे. "अहो, जरा धरून ठेवा ना. इतकं काय अंगाला लावून घ्यायचं?" सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. विद्यार्थ्यांना, शिपायाला, धाग्याला, लॅबसमोरच्या कुत्र्यालासुद्धा. अरे-तुरे फक्त प्राचार्यांना, कारण दोघं एका वर्गात होते.

त्यांची दुसरी खोड म्हणजे अंगठा. दिसेल ती वस्तू ते अंगठ्यानं दाबून बघायचे. भाजीवाल्याकडची वांगी, बँकेतल्या खुर्चीची गादी, लग्नातले गुलाबजाम. दाबायचं, सोडायचं आणि एकटक बघत राहायचं. "परत येतं ते मऊ. परत येत नाही ते नुसतं ढिलं." कोपरगावच्या एका मुलानं पास झाल्याचे पेढे आणले, तर सरांनी बॉक्समधला एकेक पेढा दाबून पाहिला. "दाबलेला पेढा परत ठेवणं असभ्यपणाचं," असं म्हणून सगळे स्वतः खाल्ले. मुलगा बिचारा रिकामा बॉक्स घेऊन उभा. चहात साखर इतकी की चमचा ढवळताना करकरायचा. "मिसेस घरी अर्धा चमचा देतात," सर तक्रार करायचे, "कुठल्या तरी डॉक्टरनं त्यांच्या डोक्यात भरवलंय." डॉक्टरनं नेमकं काय भरवलंय, हे आम्ही कुणी विचारलं नाही. सरही त्या डॉक्टरकडे परत गेले नाहीत.

माझा पहिला पेपर परत आला तेव्हा मी लॅबच्या कोपऱ्यात रडत बसले होते. सर आले, थोडा वेळ निरखून बघितलं. मला वाटलं, आता हे मला पण अंगठा लावतात की काय. म्हणाले, "तुम्ही मऊ आहात. ढिल्या नाही. डोळे पुसा आणि नवीन सिलिकॉन कालवा." झालं सांत्वन.

यंत्रावर मात्र त्यांचा अतोनात विश्वास. "यंत्र खोटं बोलत नाही. आपण खोटं वाचतो." हे वाक्य आम्ही झोपेतही म्हटलं असतं. एकदा सरांनी सिलिकॉनची पट्टी मनगटाला बांधली आणि पडद्यावर ठोके उमटायला लागले. धप्, धप्, मग थोडं थांबून पुन्हा धप्. सर हर्षून गेले. नाडी मिळाली! प्राचार्यांना बोलावलं, ते बूट काढून आले, त्यांनी पडदा बघितला आणि म्हणाले, "अरे, तुझी नाडी अशी असेल तर तू मेलेला आहेस. बाहेर ऐक जरा." बाहेर लष्कराचा तोफांचा सराव चालू होता. सर शांतपणे म्हणाले, "मग पट्टी किती चांगली आहे बघ. इतक्या लांबून ऐकतेय." त्यांना हरवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

त्या अनवाणी लॅबचं एक दुखणं होतं. धागा कापला की त्याचे बारीक तुकडे खाली पडायचे. काचच ती. दिसायची नाही, पण पायात घुसली की माणूस जागच्या जागी नाचायचा. दिवसातून एकदा तरी कुणीतरी "आई गं" म्हणून बोंबलायचं. आम्ही सगळे जाड मोजे घालायला लागलो. सरांना मोजे नको असायचे. ते त्या फरशीवरून खुशाल अनवाणी फिरायचे आणि त्यांना कधी म्हणजे कधीच काही टोचायचं नाही. आम्ही थक्क व्हायचो. सर मिशीतल्या मिशीत हसत म्हणायचे, "इतकी वर्षं अहो-जाहो केलंय. धागा मला ओळखतो." आणि सांगायला हरकत नाही, आम्हाला ते थोडं खरंही वाटायचं.

आता माझ्या आप्पांचं सांगते, कारण त्यांच्यासाठीच मी सरांकडे गेले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. श्रीगोंद्याकडे आमचा ऊस. आप्पांना बरीच वर्षं शुगर, आणि त्यापायी दोन्ही तळव्यांची जाणीव गेलेली. विस्तवावर पाय पडला तरी कळायचं नाही. एकदा खुरप्यानं डाव्या पायाची करंगळी कापली गेली, ह्यांना कळलं ते आईनं ओट्यावर रक्ताचे ठसे बघून आरडाओरडा केला तेव्हा. जखम चिघळली, करंगळी काढावी लागली. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा जखम झाली आणि उशिरा आणलंत, तर पुढच्या वेळी पाऊल जाईल. शेतकऱ्याचं पाऊल. मी सरांना हे सगळं सांगितलं, आणि सरांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "वडिलांचे तळवे मऊ आहेत की कडक?" मी असली चिडले! उठून जाणार होते. तेवढ्यात म्हणाले, "ज्या पायाला कळत नाही, त्याच्याखाली कळणारं काहीतरी ठेवू या. बसा."

मग वर्षभर आम्ही चपला केल्या. आत मऊ सिलिकॉनचा थर, त्यात काचेचा धागा, टाचेपाशी बॅटरीची एक डबी. पायाचा दाब कुठे जास्त पडतो, ते जवळच्या कॉम्प्युटरवर दिसायचं. एका जागी फार दाब पडत राहिला की तिथे जखम होणार, हे आधीच ओळखायचं, असा सगळा बेत.

चपला तयार झाल्या तसं आप्पांना बोलावलं. आप्पा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, दोन तास कॉलेजच्या आवारात त्या चपलांवर फिरले. मग सरांनी त्यांना चहाला आत बोलावलं, आणि कधी नव्हे ते माणसाशी बोलायला लागले. आप्पा म्हणाले, "सायब, चपला लई मऊ हायेत. लोण्यावर चालल्यागत वाटत असंल, पन मला काय कळतंय!" सर खूश होऊन हसले. तेवढ्यात पडद्यावर धुमाकूळ सुरू झाला. डाव्या चपलेचा आलेख उंच उड्या मारायला लागला.

सर उठून पडद्याला चिकटले. "वा! बघितलंत? काय जोर आहे! टाच, चवडा, परत टाच! अहो, तुमचे वडील तर धावतायत!"

मी म्हटलं, "सर..."

"बोलू नका. नोंद घ्या. ह्या वयात एवढी चपळाई!"

आप्पांनी कपबशी खाली ठेवली. "सायब, मी हितंच बसलोय की. चपला भायेर काढल्यात. तुमीच पाटी लावली हाय."

सर वळले. आप्पांच्या उघड्या पायांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. आम्ही बाहेर धावलो, तर लॅबसमोरचं कुत्रं डावी चप्पल तोंडात धरून मनसोक्त झटकत होतं. सर ओरडले, "अहो! सोडा ती! अहो, संशोधन आहे ते!" अहो म्हटल्यावर कुत्रं कशाला सोडतंय? ते चप्पल घेऊन माळाच्या दिशेनं जे सुटलं, ते दिसेनासं झालं आणि आत पडद्यावरची रेघ सपाट झाली.

आप्पांना हसू आवरेना. मला मात्र रडू येत होतं. वर्ष गेलं होतं. आणि कुत्रं हे निमित्त, खरी गोम मला तेव्हा लख्ख कळली. आमचे आप्पा चपला घालतात कधी? घरात नाही, देवळात नाही, गोठ्यात नाही, उसाला पाणी देताना चिखलात तर नाहीच नाही. बांधावर काढून ठेवतात. आमची हुशार चप्पल दिवसभर बांधावर बसून आप्पांची वाट बघणार होती. आणि हे सुचू नये कुणाला? तर लोकांना चपला काढायला लावणाऱ्यांना!

सर उरलेली चप्पल हातात धरून दारात उभे होते. मी म्हटलं, झालं, माणूस खचला. मग ते हळूच खाली बघायला लागले. स्वतःच्या उघड्या पायांकडे, आणि पायाखालच्या काथ्याच्या पायपुसण्याकडे. "काका," त्यांनी आप्पांना विचारलं, "घरात जाण्याआधी तुम्ही पाय धुता?"

"न धुऊन सांगता कुनाला? हिची आई उंबरा वलांडू देत न्हाई."

"रोज? एकाच जागी उभे राहून?"

"रोज. ओट्याच्या कडंला."

सरांनी खाली वाकून पायपुसणं उचललं आणि अंगठ्यानं दाबून बघितलं.

तर असं आमच्या घरी ते पायपुसणं आलं. सिलिकॉनचं, पोळपाटाच्या दुप्पट. आत काचेचा धागा, आणि त्यावर जागोजागी प्रकाशाच्या खुणा. पायाची ऊब लागली की त्या त्या खुणेवरून परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. जखम व्हायच्या आधी आत सूज धरते, ती जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागते, तेवढं ते पायपुसणं ओळखायचं. पाण्यात भिजलं तरी चिंता नाही, कारण आत वीजच नाही, नुसता उजेड. यंत्राचा डबा आत कोनाड्यात, तो मोबाईलच्या सिमवरून नोंदी लॅबला पाठवायचा. आई रोज त्याला फडक्यानं पुसून कुंकू लावायची, ते सरांना आम्ही कधी सांगितलं नाही. आप्पा संध्याकाळी पाय धुऊन त्यावर उभे राहिले की इकडे लॅबमध्ये पडद्यावर दोन पावलं उमटायची, एकाला करंगळी नाही. सर तेवढ्यासाठी थांबायचे. "आले काका," म्हणायचे आणि मग घरी जायचे.

एका आठवड्यात आप्पांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तांबूस ठिपका दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी तो जास्त लाल. मी आप्पांना फोन केला. "काय न्हाई गं, ठनठनीत हाय," आप्पा म्हणाले. आईला बघायला सांगितलं, तिला काही दिसेना. मी म्हटलं, सिलिकॉन सुटलं असेल. सर म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. चला."

सर प्रवास करत नसत. धक्क्यांनी विचार सांडतात, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी एसटीत बसले. बसल्या बसल्या सीटला अंगठा लावला आणि कंडक्टरला म्हणाले, "अहो, हा फोम मेलेला आहे." कंडक्टर म्हणाला, "तिकीट काढा आधी. मयताचं मग बघू."

घरी पोचलो. सर तडक ओट्यावर मांडी घालून बसले आणि आप्पांचा पाय त्यांनी मांडीवर घेतला. आप्पा ओशाळले. "आवो, पाय कसला धरता सायब? पाप लागंल मला."

"हा पाय नाही, नमुना आहे. हलू नका." सरांनी अंगठा लावला. "इथे कळतंय?"

"न्हाई."

"इथे?"

"न्हाई."

पायाच्या अंगठ्याखाली, जाड कातडीच्या आत, एक काळा ठिपका होता. बाभळीचा काटा. आत मोडलेला. श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी चीर देऊन काढला तेव्हा नुकता कुठे पू धरायला लागला होता. "अजून आठवडा गेला असता तर माझ्या हातात नव्हतं," डॉक्टर म्हणाले. सर मात्र तो काटा उजेडात धरून बघत होते. "बघितलंत? खोटं बोललं का?" मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि असला माणूस पाया पडण्याचाही नमुना करील म्हणून नाही पडले.

परत घरी आलो तेव्हा आईनं भाकरी टाकायला घेतल्या होत्या. सर उंबऱ्याकडे निघाले तसं तिनं आतूनच सांगितलं, "पाय धुऊन या बरं का, सायब." सरांनी आज्ञाधारकपणे चपला काढल्या, पाय धुतले आणि पायपुसण्यावर उभे राहिले. मी कोनाड्यापाशी लॅपटॉप उघडून आप्पांची दिवसाची नोंद बघत होते. पडद्यावर नवी दोन पावलं उमटली. करंगळ्या दोन्ही शाबूत. आणि डाव्या टाचेवर लालभडक ठिपका, आप्पांच्या ठिपक्याहून मोठा.

"सर, जरा तसेच उभे राहा."

"का?"

मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. सरांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं, पाय उचलला, पुन्हा ठेवला. ठिपका तिथेच. मग सर म्हणाले, "यंत्र बिघडलंय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. जन्मात पहिल्यांदा हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकत होते मी, आणि सर माझ्याकडे बघत नव्हते.

आप्पा पट्टी बांधलेला पाय ओढत आले. "बसा हितं," त्यांनी सरांना ओट्यावर बसवलं, स्वतः खाली बसले आणि सरांचा डावा पाय मांडीवर घेतला. सर म्हणाले, "अहो, काका, हे काय..."

"पाय न्हाई, नमुना हाय. हलू नका." आप्पांनी अंगठा लावला. "हितं कळतंय?"

सरांनी मान दुसरीकडे फिरवली.

"हितं?"

"नाही," सर म्हणाले.

मी मोबाईलचा टॉर्च लावला. टाचेत, सुजलेल्या कातडीत, काहीतरी बारीकसं चमकलं. काचेचा धागा होता. एक नाही, जुने-नवे मिळून चांगले तीन-चार तुकडे होते. धागा त्यांना ओळखत होता म्हणे! रोज टोचत होता तो, तुमच्या-आमच्यासारखाच टोचत होता, आणि आमच्या ह्या अडाण्यांना कळत नव्हतं. मला इतका राग आला, की डोळ्यांतलं पाणी टॉर्चवर पडलं तरी मी तो हलू दिला नाही.

"किती वर्सं झाली शुगरला?" आप्पांनी विचारलं.

"मिसेसना ठाऊक आहे," सर म्हणाले, अगदी शाळेतल्या पोरासारखे.

आप्पा उठले. "चला. डाक्टर अजून दवाखान्यातनं उठला नसंल." त्यांनी स्वतःच्या चपला आणून सरांच्या पायापुढे सरळ करून ठेवल्या, कारण सरांच्या पट्ट्यांच्या होत्या, सुजलेल्या टाचेला काचल्या असत्या. "ह्या घाला. आन् उद्या गेल्या गेल्या ती पाटी काढून टाका."

"काढतो," सर म्हणाले.

"आन् तुमी काय अनवानी जानार व्हय?" आई आतून बाहेर येत कडाडली. तिनं आपल्या चपला आप्पांच्या पुढे टाकल्या. मग ते दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून अंगणातून निघाले, सर आप्पांच्या चपला घालून आणि आप्पा आईच्या, आणि कुणाच्याच पायाला काही कळत नव्हतं म्हणून मी टॉर्च धरून त्यांच्या पुढे चालले.